हार नको, चाळ द्या

आमच्या शिरूर तालुक्यात कोण मोठं झालं हे सगळ्यात आधी मला कळतं. कधी कधी तर त्या माणसाच्याही आधी. एसटी स्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. निवड, फेरनिवड, वाढदिवस, 'भावी' आणि 'माजी', सगळी मंडळी माझ्या मशीनमधून ओली बाहेर पडतात आणि चौकात वाळतात. आजवर मी इतकी 'युवकांची आशास्थानं' छापली आहेत की ती खरी असती तर तालुक्यात कुणाला कसली चिंताच उरली नसती. तेव्हा कौतुकाच्या बाबतीत माझा हात आखडताच. पण हौसराव म्हस्क्यांच्या लेकीचं, अपेक्षाचं कौतुक मला मनापासून करायचं आहे, आणि ते वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर मावत नाही, म्हणून लिहायला बसलो.

हौसराव इनामगावचे, म्हणजे माझ्याच गावचे. घोडनदीच्या काठाला ऊस आणि कांदा करणारा, कमी बोलणारा माणूस. अपेक्षा त्यांची थोरली. कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. झाली, दिवाळीला घरी आली आणि फराळाच्या ताटावरच म्हणाली, मला जर्मनीत पीएचडी करायचीय. हौसरावांनी चकली संपवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "एक वरीस घे. फुडच्या दिवाळीपतुर जमलं तर जा. न्हाई जमलं तर रांजणगावला कंपनीत नोकरी धरायची, आन् परत जर्मनीचं नाव काढायचं न्हाई." अपेक्षा म्हणाली, "चालंल, आप्पा." विषय मिटला. त्या घरात बोललेला शब्द कुणी दुसऱ्यांदा बोलून दाखवत नाही.

गावात नेट आलं तर आलं, म्हणून ती दुपारी माझ्या दुकानात येऊन बसायची. दुपारी मला गिऱ्हाईक कमी, आणि दुसरा कॉम्प्युटर नाहीतरी पत्ते खेळायलाच वापरला जायचा. पहिले दोन महिने तिनं जर्मनीतल्या दिसेल त्या प्रोफेसरला ईमेल केली. सगळ्यांना एकच मजकूर. आपण थोर शास्त्रज्ञ आहात, आपल्या हाताखाली काम करायला मिळणं हे माझं भाग्य, वगैरे. उत्तर एकाचंही नाही. एक दिवस मी मागं उभा राहून ती ईमेल वाचली आणि मला हसू आवरेना.

"अगं, हे तर माझं वाढदिवसाचं डिझाइन झालं," मी म्हणालो. "फोटो बदलायचा, बाकी सगळं तेच. असलं पत्र मला आलं तरी मी फाडून टाकीन."

ती रागावून निघून गेली. दोन दिवसांनी आली ती तो मजकूर कायमचा पुसूनच. मग तिनं वेगळीच रीत धरली. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढं सांगतो. तिकडे विज्ञान नाहीतर इंजिनीअरिंगमधली पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते. प्रोफेसरकडे एखादा प्रकल्प असतो, त्याला माणूस लागतो, मग विद्यापीठ आपल्या वेबसाइटवर जाहिरात टाकतं. काम काय, पगार कसा, अर्जाची शेवटची तारीख कोणती, सगळं लिहिलेलं. अर्जाबरोबर मार्कशीट, एम.टेक.च्या प्रबंधाचा सारांश, आणि हेच काम तुम्हाला का करायचंय याचं एक पत्र. शिवाय तुम्हाला शिकवलेल्या दोन प्राध्यापकांची नावं द्यायची, म्हणजे ते परस्पर त्यांना विचारणार. हे कळल्यावर अपेक्षाचे चुलते पोपटराव म्हणाले होते, "दोनच नावं? मी आमदारासकट धा देतो की."

अपेक्षानं एकेक जाहिरात निवडून, त्या प्रोफेसरचे सगळे शोधनिबंध वाचून, मगच अर्ज करायला सुरुवात केली. आठवड्याला एक अर्ज झाला तरी पुष्कळ. नकार येऊ लागले, आणि मला तर नकारांचंही कौतुक वाटू लागलं, कारण निदान तिच्या नावानं तरी येत होते. त्यातच तिला लिंडनर नावाच्या बाईंची जाहिरात सापडली. साठवलेला शेतमाल का आणि कसा सडतो, यावर त्यांचं आयुष्य गेलेलं. अपेक्षा खुर्चीतून उठलीच. कारण तिचा एम.टेक.चा प्रबंध नेमका कांदा चाळीवर होता. आमच्याकडे उन्हाळी कांदा काढला की तो चाळीत भरतात. लांबट खोली, भिंती बांबूच्या नाहीतर जाळीच्या, वर पत्रा, खालूनवरून वारं खेळतं. पण सड आत, ढिगाच्या पोटात सुरू होते. वास बाहेर येईपर्यंत अर्धी चाळ गेलेली असते. अपेक्षानं घरच्या चाळीत ओल, उष्णता आणि वास टिपणारे छोटे डबे बसवून, कुठल्या कोपऱ्याला कधी सड लागेल याचा आधीच अंदाज बांधायची पद्धत तयार केली होती.

फेब्रुवारीत लिंडनरबाईंकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि इथे आमच्या पोपटरावांनी तो पराक्रम केला जो फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो.

पोपटराव म्हणजे सोसायटीचे संचालक, गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी सोसायटीत, पतसंस्थेत, दूध संघात ज्या नेमणुका पाहिल्या, त्यांत माणूस आधी ठरायचा आणि मुलाखत नंतर व्हायची. बोलावणं आलं याचा अर्थ नाव पक्कं झालं. मुलाखतीला जायचं ते चहा प्यायला. त्यात त्यांना लबाडीही वाटायची नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तसंच ते. ईमेल आली तेव्हा ते दुकानातच होते. "मुलाखतीला बोलावलं? मंग झालंच की!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली आणि तिथल्या तिथे फ्लेक्स सांगितला.

मी दोनदा म्हणालो, "नाना, अजून निवड व्हायचीय." ते म्हणाले, "तू छापाय बसलायस का शिकवाय?" अपेक्षा ती ईमेल वाचूनच तडक आपल्या प्राध्यापकांना भेटायला निघून गेली होती. ती परतली तेव्हा एसटीच्या खिडकीतून तिला गावच्या फाट्यावर स्वतःचं तोंड दिसलं. 'इनामगावची सुकन्या कु. अपेक्षा म्हस्के हिची जर्मनी येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' शेजारी शुभेच्छुक पोपटरावांचा फोटो, तिच्या दुप्पट. गावात सत्काराची तारीखही ठरली होती. तिनं चुलत्याला हात जोडले, उतरवा म्हणाली. ते म्हणाले, "चार दिस लौकर लागला म्हून काय बिघडलं?"

मुलाखत माझ्याच दुकानात झाली. मी मशीन बंद ठेवलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि बाहेर स्टुलावर बसलो. आतून तिचं इंग्रजी ऐकू येत होतं. सुरुवातीला घाईचं, मग नीट, ठाम. तिनं चाळ समजावली, डबे समजावले. इनामगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात उत्खनन झालं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीची धान्याची पेवं सापडली होती, तेही सांगितलं. म्हणजे साठवणीचं वेड आमच्या गावाला जुनंच. पलीकडचे लोक हसले. मग लिंडनरबाईंनी एकच प्रश्न विचारला. तुझे सगळे आकडे एका चाळीतले, एका हंगामातले. शेजाऱ्याच्या चाळीत हे चालेल का?

अपेक्षा म्हणाली, "मला माहीत नाही."

आठवडाभरानं नकार आला. गोड भाषेत लिहिलेला, पण नकारच. त्यांना जास्त ठिकाणचे आकडे असलेला उमेदवार मिळाला होता. आणि सत्कार येत्या रविवारी.

त्या संध्याकाळी हौसरावांच्या ओसरीवर पोपटरावांनी डाव मांडला. मीही होतो, स्टेजमागचा फ्लेक्स घेऊन गेलो होतो, तो आता द्यावा की परत न्यावा हे मला कळत नव्हतं.

"कुणाला सांगायचंच न्हाई," पोपटराव म्हणाले. "शाल घे, नारळ घे, दोन शब्द बोल. मंग दौंडला तुझ्या चांगुणाआत्याकडं जाऊन ऱ्हा सा म्हैने. रेल्वे कॉलनीत कोन येतंय बघाय? गावाला वाटंल, गेली जर्मनीला. तवर दुसरं काय तरी हुईलच."

"आन् न्हाई झालं तर, नाना?" अपेक्षानं विचारलं.

"तर आली म्हनायचं माघारी. हवा मानवली न्हाई."

ती बापाकडे बघत होती. हौसराव खाली बघून नखानं ओसरीचं शेण खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझं तोंड हाय. तूच ठरव त्यातनं काय निघायचं ते."

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं ती दौंडला जाईल. मी तिच्या जागी असतो तर पहिली एसटी पकडली असती. खोटं बोलून निभावलं असतं, तर वर्षातले उरलेले महिने तिला शांतपणे अर्ज करता आले असते. खरं बोलली तर गाव हसणार, चुलता तोंड बघणार नाही, आणि बापाला लोक विचारणार, का रं बाबा, पोरीला कशाला फुगवलं.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं मांडव भरला होता. पोपटरावांनी अर्धा तास स्वतःबद्दल आणि पाच मिनिटं पुतणीबद्दल भाषण केलं. मग झेंडूचा हार घेऊन पुढं झाले. अपेक्षानं तो हातानंच थांबवला आणि माइक घेतला.

"मला बोलावलं हुतं ते मुलाखतीला," ती म्हणाली. "निवड झाली न्हाई. दुसऱ्याची झाली."

पोपटराव हार तसाच धरून उभे. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मला हसणाऱ्याला शोधून काढावंसं वाटलं.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "त्यांनी एकच इचारलं. तुमच्या घरच्या चाळीत जे दिसलं ते शेजाऱ्याच्या चाळीत दिसंल का? मला सांगता आलं न्हाई, कारन मी शेजाऱ्याच्या चाळीत कवा गेलेच न्हाई. तवा मला हार नको. तुमची चाळ द्या, ह्या एका हंगामापुरती. कांदा भरताना मी डबं बसवनार, चाळ रिकामी होईस्तोवर दर आठवड्याला येऊन बघनार. मधीच सोडून जानार न्हाई. आन् कुठला कोपरा कधी फोडायचा ते तुम्हाला सांगनार."

मग बायकांच्या बाजूनं सारजाबाई उठल्या. एकटी बाई, दोन एकर कांदा, जीभ अशी की गावातले पुढारी त्यांच्या बांधावरून जात नाहीत.

"आन् तुझ्या डब्याचं ऐकून माझा कांदा नासला तर?"

"तर तुमच्या रानात खुरपाय येईन, मावशी."

"यीव नको," सारजाबाई म्हणाल्या, "डबा नीट बसव. माझी चाळ घे."

मग एकेक हात वर झाला. भाषणांना कंटाळलेल्या लोकांना करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. पोपटरावांनी हार मारुतीला घातला आणि जीप घेऊन निघून गेले.

एप्रिल-मेमध्ये कांदा चाळीत गेला आणि त्याबरोबर अपेक्षाचे डबेही. इनामगावच्या, आजूबाजूच्या, आणि चांगुणाआत्यांच्या दिराच्या ओळखीनं पार दौंडकडच्या भीमेकाठापर्यंत मिळून चौदा चाळी झाल्या. प्लॅस्टिकचे डबे, आत तिनं स्वतः जोडलेल्या सर्किटच्या पट्ट्या, वर माझ्याकडून छापून घेतलेला आकडा. दर आठवड्याला ती स्कूटी घेऊन फेरी मारायची आणि इनामगाव, शिरूर, दौंड असा तिचा त्रिकोण सुरू असायचा. लोकांनी डब्यांना आपापल्या परीनं वागवलं. एकानं लिंबू-मिरची बांधली, एकानं हळदीकुंकू लावलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्यात सरकार ऐकतंय का?"

जून संपता संपता डब्यांची कीर्ती पसरली. एकाला ती म्हणाली, तुमचा उत्तरेचा कोपरा आठवड्यात फोडा. त्यानं फोडला, आत सड नुकती धरलेली, बाकीचा ढीग वाचला. मग डबा असणं मानाचं झालं. पोपटराव तीन-चार महिन्यांनी दुकानात आले, फ्लेक्सच्या भावावरून उगाच घासाघीस केली आणि जाता जाता म्हणाले, "तिला म्हनावं, चुलत्याच्या चाळीला डबा का न्हाई?" पंधरावी चाळ त्यांची झाली. हिशेबात ती धरायची नाही असं अपेक्षानं मला बजावलं, कारण तिथे डबे उशिरा लागले होते. चुलत्याला मात्र हे सांगितलं नाही.

जुलैत मात्र गडबड झाली. काही चाळींत डबे 'सगळं ठीक' सांगत होते आणि कांदा सडत होता. अशा पाच चाळी निघाल्या, आणि त्यांत पहिली सारजाबाईंची. त्यांचा एक कोपरा पुरता गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा खुरपं घेऊन त्यांच्या बांधावर उभी.

"अगं, मी चेष्टा केलती," सारजाबाई म्हणाल्या.

"मी न्हाई," असं म्हणून ती चाळीमागच्या भुईमुगात बसली आणि खुरपायला लागली.

पुढचं तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथे होतो असं वाटतं. तासाभरात ती घामानं निथळली. श्वास कोंडायला लागला. मनात आलं, जुलै महिना, रस्त्यावर स्कूटी सरळ चालवू देत नाही इतकं वारं, मग इथं घाम का? ती उठून उभी राहिली. पश्चिमेला शेजाऱ्याचा ऊस होता. एप्रिलमध्ये चाळ भरली तेव्हा तो गुडघ्याएवढा होता, आता डोक्याच्या वर गेला होता. पावसाळी वारं पश्चिमेचं. ते उसावर अडत होतं आणि चाळीपर्यंत येतच नव्हतं. अपेक्षाच्या घरच्या चाळीभोवती मोकळं रान. तिथे आयुष्यात वारं अडलं नव्हतं, म्हणून तिच्या गणितात अडणारं वारं धरलेलंच नव्हतं.

तिनं सारजाबाईंच्या देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली आणि चाळीच्या भिंतीशी धरली. धूर सरळ वर गेला. सारजाबाईंनी मागून हात जोडले. त्यांना वाटलं पोरीनं चाळीची शांत मांडलीय.

दुपारी ती माझ्या दुकानात आली ती भुईमुगाची माती लागलेल्या हातांनीच. "पप्पूदादा, दुकान बंद करा, गाडी काढा." मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "चुकलंय! चुकलंय हो माझं!" आणि चेहरा असा की जणू लॉटरी लागली. उदबत्तीचा पुडा घेऊन आम्ही उरलेल्या चारही चाळी फिरलो, शेवटची भीमेकाठची. प्रत्येक ठिकाणी पश्चिमेला ऊस, आणि प्रत्येक ठिकाणी धूर सरळ वर. मग बरोबर अंदाज आलेल्या चाळी तपासल्या. तिथे उदबत्ती पेटवायलाच चार काड्या गेल्या, आणि पेटली की धूर आडवा. शेवटच्या चाळीपाशी तिनं नाचायचंच बाकी ठेवलं. आपली चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या धंद्यात तर कुणाची चूकच नसते.

पुढचा महिना तिनं गणित नव्यानं मांडलं. ऊस किती उंच, चाळीपासून किती लांब, कुठल्या बाजूला. अंदाज जुळू लागले. सारजाबाईंच्या चाळीला तिनं ऊस नसलेल्या बाजूनं खालून हवा घ्यायला वाट काढून दिली आणि उरलेला कांदा टिकला. मग ऑगस्टच्या शेवटी तिनं लिंडनरबाईंना ईमेल लिहिली. जाहिरात नव्हती, काही नव्हतं. मला वाचून दाखवली. सगळी मिळून तीन वाक्यं: 'गेल्या वेळी आपण विचारलं होतं की शेजाऱ्याच्या चाळीत हे चालेल का. चालत नाही. का चालत नाही ते सोबत जोडलं आहे.'

"एवढंच?" मी म्हणालो. "नमस्कार-चमत्कार काही?"

"तुम्हीच तर म्हणाला होता, वाढदिवसाचं डिझाइन नको."

दुसऱ्या दिवशी उत्तर. बाईंनी सोबतचं सगळं वाचलं होतं. त्यांचे प्रश्न तिच्या ईमेलच्या दसपट लांब होते. शेवटी लिहिलं होतं की नव्या प्रकल्पात एक जागा निघणार आहे, तिची जाहिरात येईल, सगळ्यांसारखाच रीतसर अर्ज कर. तिनं केला. सप्टेंबरच्या अखेरीला पुन्हा मुलाखत, पुन्हा माझं शटर अर्ध्यावर. या वेळी प्रश्न विचारायला पाच जण होते आणि दोन तास ते तिला सोडेनात. ती बाहेर आली, स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, "निवड होवो न होवो, माझं काम त्यांना कळलं."

मग ऑक्टोबरातली ती दुपार. लिंडनरबाई व्हिडिओ कॉलवर बोलू इच्छितात असा निरोप आला होता. हौसराव खत न्यायला शिरूरला आले होते, ते पिशव्या टेम्पोत ठेवून दुकानात येऊन उभे राहिले. दिवाळी तोंडावर आली होती, वर्ष भरत आलं होतं. ते तिघांनाही माहीत होतं. स्क्रीनवर बाई दिसल्या. चष्मा, पांढरे केस, मागं पुस्तकं. इंग्रजी मला कामापुरतं येतं, आणि त्या सावकाश बोलत होत्या, म्हणून मला सगळं कळलं.

त्या म्हणाल्या, "समितीनं तुझी निवड केली आहे."

अपेक्षानं तोंडावर हात घेतला. हौसरावांना शब्द कळले नाहीत पण लेकीचा चेहरा कळला. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ होते.

"प्रकल्प एक नोव्हेंबरला सुरू होतो," बाई म्हणाल्या. "मला तू त्या दिवशी इथे हवी आहेस. येशील?"

अपेक्षानं हात खाली घेतला. आणि मग ती म्हणाली, "नोव्हेंबरात मला येता येणार नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुढं सांगत होती, शांत आवाजात, मांडवात बोलली होती तशी. माझ्या काही चाळी अजून भरलेल्या आहेत. दिवाळीनंतर कांद्याला भाव बघून लोक त्या रिकाम्या करतील. शेवटची चाळ रिकामी होईपर्यंत मी येईन असा मी त्यांना शब्द दिला आहे. मला जानेवारी चालेल. त्याआधी नाही.

"काय म्हनली?" हौसरावांनी माझ्या कानात विचारलं.

"नाही म्हणाली," मी पुटपुटलो.

"कुनाला?"

"जर्मनीला."

हौसराव एक पाऊल पुढं झाले. मला वाटलं आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडणार, पोरी, व्हय म्हन. त्यांचं तोंड उघडलंही. मग त्यांनी ते मिटलं आणि कॉम्प्युटरच्या टेबलाला धरून तसेच उभे राहिले.

पलीकडे लिंडनरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढा वेळ एखाद्या माणसाला चष्मा पुसायला लागू नये. शेवटी त्यांनी विचारलं, "किती चाळी राहिल्या आहेत?"

"नऊ."

"त्या पूर्ण कर," बाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या हंगामाचे आकडे मी अर्धवट हातात घेणार नाही. करारावर मी जानेवारी लिहिते."

स्क्रीन काळी झाली. अपेक्षा तशीच बसून राहिली, आणि मग दोन्ही हातांत डोकं घालून हुंदके देऊन रडायला लागली. मलाही रडू फुटलं, लपवत नाही. फक्त हौसराव कोरडे होते, कारण त्यांना अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"आरं, कुनी तरी बोला की!" ते म्हणाले. "काय म्हनली ती बाई? गेलं का हातचं?"

"निवड झाली, आप्पा," मी म्हणालो. "पक्की. करार येतोय. बाई म्हणाल्या, जानेवारीपर्यंत थांबते."

"थांबती? कशापायी?"

"आपल्या कांद्यापायी."

हौसरावांनी लेकीकडे पाहिलं. मग ते खुर्चीवर बसले आणि हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तेवढ्यात रस्त्यावरून ओळखीचा कुणी माणूस चालला होता, त्यानं आत डोकावून विचारलं, "काय हौसराव, कशाचं हसू आलंय एवढं?"

हौसरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि सगळ्या एसटी स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या पोरीनं जर्मनीला थांबाय सांगितलंय, आन् ती थांबलीय!"